बहिरी टेकडीवरचे शेजारी

१

इदालिना फुर्तादुची सकाळ ठरलेली असे. कॉफी शेगडीवर चढवायची, पिमेंता कुत्रीला मागच्या दाराने अंगणात सोडायचं, आणि ती कुंपणाकडेने हुंगत फिरते आहे तोवर उंबऱ्यात उभं राहून समोरच्या टेकडीच्या दिशेने एक सणसणीत शिवी हाणायची.

शिवी टेकडीला नसे. टेकडीच्या धारेवर कंपनीने ठोकलेल्या काठ्यांना असे. "चोरांनो!" एवढीच. सगळी हयात गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेलेल्या या बाईला याहून जहाल शिव्या येत नव्हत्या असं नाही. पण त्या तिने सुनावणीसाठी राखून ठेवल्या होत्या.

टेकडी कधी उत्तर देत नसे. तिचं नावच ला सोर्डा, म्हणजे बहिरी. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून गाई राखायला आलेले इदालिनाचे आजोबा सांगत, की या खोऱ्यात कुठेही हाक मारा, कुठून ना कुठून परत येते. फक्त बहिरी ती गिळून टाकते. गोलाईचे गवताळ उतार, ना कडा ना कातळ. आवाज वर चढत जातो आणि पलीकडे कॅलिफोर्नियाच्या आभाळात विरतो.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी इदालिना नेहमीसारखी ओरडली, कप तोंडाला लावला, आणि वरून आवाज आला.

"चोरांनो."

तिचाच आवाज, पण बंद खोलीतून आल्यासारखा. पिमेंताचे कान ताठ झाले. ती एकदा भुंकली. वरून भुंकणं परत आलं. मग जरा थांबून, पिमेंता गप्प असताना, आणखी एकदा आलं.

"हवा गार आहे," इदालिना कुत्रीला म्हणाली. "गार हवेत आवाज वाकतो."

हे तिला शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या मास्तरांनी कधीतरी सांगितलं होतं. पण त्याच मास्तरांनी हेही सांगितलं होतं, की आवाज परतायला भिंत लागते. आणि वर भिंत नव्हती. नुसत्या काठ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये ताणलेली नारिंगी जाळी.

२

या गावात टेकडीच्या धारेवर कुणाला बांधायचं असेल, तर आधी ते दाखवावं लागतं. कागदावर नव्हे, जागेवर. भिंती जेवढ्या उंच तेवढ्या काठ्या ठोकायच्या, छपराच्या रेषेवर जाळी ताणायची, आणि सुनावणी होईपर्यंत ती तशीच ठेवायची. लोकांनी जाता-येता पाहावं, आपल्या आभाळाचा किती तुकडा जाणार ते डोळ्यांनी मोजावं, मग येऊन बोलावं. नियम चांगला होता. तो करून घ्यायला इदालिना ऐन उमेदीत नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर बसली होती.

कंपनीच्या वसाहतीचं नाव 'फाल्कन्स रेस्ट', म्हणजे ससाण्याचा विसावा. ससाण्यांची घरटी ज्या ओक वृक्षांवर आहेत ते ओक तोडायचे आणि फाटकावर ससाण्याचं नाव कोरायचं. या धंद्याची ही जुनी रीत. ज्याला मारायचं त्याच्या नावाने पाटी लावायची. आणि याहून निर्लज्ज गोष्ट पुढेच होती. कायदा म्हणतो, जेवढं बांधाल त्याच्या बदल्यात तेवढी जागा मोकळी सोडा. कंपनीकडे मोकळी जागा नव्हती, कारण मोकळ्या जागेवरच ती बांधत होती. म्हणून तिने नकाशात टेकडीच्या पायथ्याची पट्टी हिरवी रंगवली. ओढा, निलगिरीची रांग, आणि मधोमध इदालिनाचं घर. आजोबांनी बांधलेलं दुमजली, हिरव्या छपराचं घर, शेगडीसकट, पलंगासकट, कुत्रीसकट हिरव्या रंगाखाली. कोपऱ्यात बारीक अक्षरं: 'पुढे मिळवायची मोकळी जागा'.

"आधी मला मिळवा," इदालिना म्हणाली होती. कंपनीचा माणूस घर विकत मागायला तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने दार उघडलंच नाही. त्याला पिमेंताशी बोलू दिलं.

पहिल्या खेपेला कंपनीने चलाखी केली. प्रत्येक घराच्या फक्त चार कोपऱ्यांना काठ्या ठोकल्या आणि वरून एक फीत फिरवली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधल्यात. इदालिना तडक नगरपरिषदेच्या खिडकीवर गेली. तिथे कंपनीचा वकील ब्लेअर हेंडरशॉट उभाच होता, इस्त्रीची घडी न मोडलेला.

"मिसेस फुर्तादु, चार कोपरे पुरेसे असतात. सगळीकडे तेच करतात."

"सगळीकडे मी नसते. नियमात 'संपूर्ण आकार' लिहिलंय. वाचता येतं ना?"

"म्हणजे तुम्हाला धुराडीसुद्धा हवीत?"

"धुराडी, वळचणी, खिडक्या, दारं, जिने, कुंपणं. जे बांधणार ते दाखवा. लोकांना कळू दे काय येतंय ते."

"सगळं?" ब्लेअर हसला.

"सगळं."

नगरपरिषदेने तिचं म्हणणं उचलून धरलं. पंधरवड्यात बहिरीच्या धारेवर नारिंगी घरांची रांग उभी राहिली, दारा-खिडक्यांच्या चौकटींसकट. गावात संताप उसळला. इदालिनाला वाटलं, आपण अर्धी लढाई जिंकलो.

त्यानंतरच टेकडीला ऐकू यायला लागलं.

३

दुपारी नॉर्म त्सुजिमोटो दुर्बीण घेऊन आला. नॉर्म म्हणजे गावाचा दातांचा निवृत्त डॉक्टर, 'बहिरी वाचवा' समितीचा खजिनदार, आणि इदालिनाची बडबड ऐकून घेणारा गावातला शेवटचा माणूस.

"काय ती धार झालीय बघ," तो ओसरीवरच्या खुर्चीत बसत म्हणाला. "चांगल्या बत्तिशीला कुणीतरी तारा बसवल्यात. आणि दात वाकडे नव्हतेच मुळी."

"तारा काढायची तारीख गुरुवार. तू बोलणार आहेस ना सुनावणीला?"

"बोलणार. तू लिहून दे, मी वाचतो. माझं मी बोललो तर लोक तोंड उघडून बसतात, सवयीने."

इदालिनाने त्याला लिंग्वीसा सॉसेज घातलेला पाव दिला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. वर गाई चरत होत्या. दर वर्षी याच दिवसांत त्या धारेवरून पलीकडच्या पाणवठ्याकडे जातात, सरळ रेषेत. गाय वळण घेत नाही, तिला कंटाळा येतो.

आज त्या वळत होत्या. पहिल्या आकाराच्या कोपऱ्यावर पोचल्या की एकामागून एक उजवीकडे, मग दोन आकारांच्या मधून बोळात शिरल्यासारख्या, मग डावीकडे. जाळी नुसती वर, छपराच्या उंचीवर होती. खाली काठ्यांच्या मध्ये सताड मोकळं होतं, गुडघाभर वाळलेलं गवत होतं. एकही गाय आत तोंड घालत नव्हती.

मग एक तांबडी गाय थांबली. तिने मान तिरपी केली आणि घासायला लागली. वर-खाली, वर-खाली, डोळे मिटून, सुखाने. अंगातली खाज जिरेपर्यंत घासली.

ती काठीपासून चांगली दहा पावलं लांब होती.

"नॉर्म, ती कशाला अंग घासतेय?"

नॉर्मने दुर्बीण घेतली. बराच वेळ पाहिलं. "असेल एखादी काठी. ऊन डोळ्यावर येतंय."

"तिथे काठी नाहीये."

"मग गायीला वेड लागलं असेल. गावातल्या निम्म्या लोकांना लागलंय." पण पाव त्याने अर्धाच खाल्ला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दोघं वर गेले. कारण साधं होतं. इदालिनाला संशय होता, की कंपनीने काठ्या खऱ्या उंचीपेक्षा बुटक्या ठोकल्यात. हा डाव जुना आहे, आणि तो पकडला की सुनावणीत वकिलाचं तोंड बंद होतं. नॉर्मने मोजपट्टी घेतली होती.

बहिरीवर वारा नाही असं होत नाही. चढताना तो दोघांचे सदरे फडकवत होता. गवताची सळसळ, लांबवर ससाण्याची किंकाळी. पहिल्या आकारापाशी नॉर्म दाराच्या चौकटीसमोर थांबला. चौकट म्हणजे दोन काठ्या आणि वर आडवी फीत. त्याने गवतावर आधी उजवा बूट पुसला, मग डावा, आणि आत गेला.

"हे काय केलंस?"

"काय?"

"बूट पुसलेस."

नॉर्मने पायांकडे पाहिलं. "सवय," तो म्हणाला.

इदालिना त्याच्या मागून आत शिरली आणि वारा बंद पडला. कमी झाला नाही, बंद पडला. चौकटीबाहेर गवत आडवं होत होतं आणि तिच्या घोट्यांपाशी काडीही हलत नव्हती. आतलं गवत पांढुरकं होतं, खाट उचलल्यावर खालची हिरवळ दिसते तसं. वास ताज्या रंगाचा आणि धुतलेल्या कपड्यांचा. वर मान केली तर निळं आभाळ होतं, जाळीच्या चौकोनात कापलेलं. त्याच्याकडे पाहताना तिला एकदम वाटलं की आपण मान खाली घालावी, डोकं आपटेल.

खोऱ्यापलीकडे कुणी कपडे वाळत घातले असतील. जाळीने वारा अडतो. तिने स्वतःला एकेक कारण दिलं आणि एकेक मानून घेतलं.

"खिडकीची उंची घे," ती नॉर्मला म्हणाली, आणि स्वतः खिडकीपाशी गेली. चार काठ्यांच्या चौकोनातून खाली पाहिलं.

ओढा दिसला. निलगिरीची रांग दिसली. मध्ये हिरवळ होती, नीट कापलेली, सप्टेंबरात ह्या खोऱ्यात कुठेही नसते तशी ओली हिरवी. एक बाक होता. बाकापर्यंत जाणारी खडीची पायवाट होती.

तिचं घर नव्हतं.

इदालिनाने डोकं चौकोनाबाहेर काढलं आणि काठीच्या बाजूने पाहिलं. घर होतं. हिरवं छप्पर, ओसरी, अंगणात ठिपक्याएवढी पिमेंता. पुन्हा चौकोनातून पाहिलं. बाक.

तिला भीती वाटली, पण त्याच्या आधी राग आला. आपल्या घराला असं पुसून टाकणाऱ्याची गचांडी धरायला हात शिवशिवला, आणि धरायला कुणी नव्हतं.

"नॉर्म! इकडे ये! इथून खाली बघ आणि काय दिसतं ते मला सांग!"

नॉर्म लगबगीने आला. त्याने तोंडावर बोट ठेवलं होतं. चेहरा अगदी मवाळ, दवाखान्यात लहान पोरांशी बोलताना व्हायचा तसा.

"हळू, इदा," तो कुजबुजला. "आत बाळ झोपलंय."

५

टेकडी उतरताना नॉर्मला त्यातलं काही आठवत नव्हतं. किंवा तसं तो म्हणाला. मोजमाप झालं का, विचारलं तर म्हणाला, "झालं की. बरोबर आहे सगळं. चांगलं काम केलंय त्यांनी."

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"इदा, मी उद्या बोलत नाही."

"का?"

"उगाच कशाला कुणाला त्रास."

"कुणाला त्रास? कंपनीला?"

"कंपनीला नाही गं. राहतात त्यांना."

"कोण राहतं, नॉर्म? तिथे कुणी राहत नाही! तिथे जाळ्या आहेत!"

"तू नेहमी ओरडतेस," नॉर्म थकल्या आवाजात म्हणाला. "सकाळीसुद्धा ओरडतेस. त्यांना वर सगळं ऐकू जातं." आणि फोन ठेवून दिला.

इदालिनाने फोन आपटला. विकत घेतलं, तिला वाटलं, नॉर्मलाही विकत घेतलं. हा विचार भयंकर होता, पण दुसऱ्या विचारापेक्षा बरा होता. तिने ब्लेअर हेंडरशॉटला फोन लावला.

"काठ्या काढा. आत्ताच्या आत्ता."

"मिसेस फुर्तादु, सुनावणी होईपर्यंत त्या काढता येत नाहीत. नियम तुमचाच आहे." यात नेहमीचा कुत्सितपणा नव्हता. तो जरा घुटमळला. "एक विचारू? तुमच्या समितीतलं कुणी वर गेलं होतं का? काही लावलंय का तिथे?"

"आम्ही कशाला लावू?"

"सहाव्या घराच्या मागे झोपाळा आहे. आमच्या आराखड्यात झोपाळा नाही. ठेकेदार म्हणतो, त्याने लावला नाही. माणसं पाठवली काढायला, तर..."

"तर काय?"

"ती म्हणाली, मुलं खेळतायत, नंतर काढू."

या माणसाचा इदालिनाला इतके महिने तिटकारा होता, आणि आता त्याच्या श्वासाचा आवाज ऐकताना तिला कळलं, की खोऱ्यात शुद्धीवर असलेलं दुसरं माणूस हेच आहे.

"आम्हाला फक्त घरं विकायची होती," ब्लेअर म्हणाला.

"माहितेय," इदालिना म्हणाली. "तुम्हाला नेहमी फक्त तेवढंच करायचं असतं."

६

गुरुवारी संध्याकाळी नगरपरिषदेचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत 'बहिरी वाचवा' लिहिलेले हिरवे सदरे होते. ते पाहून इदालिनाला धीर आला. नगराध्यक्ष क्रेग लिंडक्विस्ट तिचा विद्यार्थी, नागरिकशास्त्रात जेमतेम पास झालेला. तिला पाहून त्याने शाळेतल्यासारखी मान लववली.

रीत सगळ्यांना पाठ होती. माइकपाशी यायचं, नाव सांगायचं, पत्ता सांगायचा. चिटणीस बाई तो लिहून घेतात. मग तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. लाल लागला की गप्प. नगराध्यक्षाचा सख्खा भाऊ असला तरी गप्प.

मागच्या रांगांत अनोळखी माणसं होती. बरीच. तरुण जोडपी, खेळाच्या गणवेशातली ओल्या केसांची मुलं, मांडीवर झोपलेलं एक बाळ. शांत, नीटनेटकी, कुणी फोनमध्ये डोकं घातलेलं नव्हतं. कंपनीने भाड्याने आणलेली गर्दी, इदालिनाने ठरवलं. तिने ब्लेअरकडे पाहिलं. ब्लेअरही त्यांच्याकडेच पाहत होता.

पहिलं नाव पुकारलं. करड्या स्वेटरमधली एक बाई उठली, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून माइकपाशी आली.

"माझं नाव ॲलिसन प्रॅट. पत्ता सहा, फाल्कन्स रेस्ट."

चिटणीस बाईंनी लिहून घेतलं. कुणी हललं नाही.

"तिथे घर नाही!" इदालिना उठून ओरडली. "क्रेग, तिथे घर नाहीये! काठ्या आहेत!"

"टीचर, तुमची पाळी येईल," क्रेग हळुवारपणे म्हणाला. "रांग तुम्हीच आम्हाला शिकवलीत ना?"

हिरवा दिवा लागला. बाईचा आवाज गोड होता, तयारी केल्यासारखा.

"आम्ही इथे आलो ते मोकळ्या जागेसाठी. सकाळी खिडकी उघडली की ओढा दिसावा, झाडं दिसावीत, एवढीच आमची अपेक्षा. आणि खाली आम्हाला ते दिसतं. ते जुनं खोपट, ती पडवी, ते कुत्रं. रोज सकाळी तिथे एक बाई बाहेर येते आणि आम्हाला शिव्या देते. माझा मुलगा विचारतो, आई, आपण काय चोरलं?"

सभागृहात कुणीतरी च्-च् केलं.

"नकाशात ती जागा हिरवी आहे. आम्ही घर घेतलं तेव्हा आम्हाला तसं सांगितलं होतं. पायथा मोकळा राहिला पाहिजे. आमच्यासाठी नव्हे, पुढच्या पिढ्यांसाठी. एकदा गेलेली जागा परत येत नाही."

हे शेवटचं वाक्य इदालिनाचं होतं. तिच्या पत्रकांवर छापलेलं, तिच्या घरासमोरच्या फलकावर रंगवलेलं. ते तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्याची चव तिच्या जिभेवर होती. आणि आता ते त्या स्वेटरवालीच्या तोंडून निघालं, आणि हिरव्या सदऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या माणसांनी. तिने ज्यांच्या दारोदार फिरून सह्या गोळा केल्या त्यांनी. तिसऱ्या रांगेत नॉर्म टाळ्या वाजवत होता, डोळे पुसत.

ब्लेअर तिच्या खुर्चीशी वाकला. त्याच्या कपाळावर घाम होता. "ती आमची नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, मिसेस फुर्तादु. यांतलं कुणीच आमचं नाही."

७

"पुढचं नाव, इदालिना फुर्तादु," क्रेगने वाचलं. मग कागदाकडे पाहत म्हणाला, "टीचर, आजच्या विषयाच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नोंदवलेलं नाही. तुम्ही बाजूने बोलणार की विरोधात?"

"विरोधात! फाल्कन्स रेस्टच्या विरोधात! दुसरा विषय काय आहे?"

क्रेग गोंधळला. त्याने चिटणीस बाईंकडे पाहिलं, त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "आजचा विषय हा आहे. पायथ्याचं घर. आकार ठरल्याप्रमाणे उभा करून ठेवलाय. लोकांनी पाहिलाय. आता परवानगी द्यायची की नाही, एवढंच."

पडद्यावर खोरं होतं. ओढा, निलगिरीची रांग, आणि मध्ये गवतातून वर आलेल्या काठ्या. नारिंगी जाळीचं छप्पर. ओसरीच्या काठ्या, पडवीच्या काठ्या, धुराड्याचा चौकोन. काठ्यांच्या आरपार गवत दिसत होतं. जाळीच्या एका कोपऱ्यापाशी कुत्र्याच्या उंचीच्या चार बुटक्या काठ्या होत्या.

"आत्ता तासाभरापूर्वी मी तिथून निघाले," इदालिना म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आला. "शेगडी बंद केली. दार लावलं."

मागच्या रांगांतून सहानुभूतीची कुजबुज झाली.

"तीन मिनिटं, टीचर," क्रेग म्हणाला. "पत्ता सांगा."

ती माइकपाशी गेली. या माइकपाशी ती आयुष्यात किती वेळा उभी राहिली होती, आणि दर वेळी टेकडीसाठी, ओकांसाठी, दुसऱ्या कुणासाठी. या तीन मिनिटांत माणूस काय करू शकतो हे इथल्या अर्ध्या सभागृहाला तिने फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आणि ते लोक आता टाचणीच्या टोकाएवढ्या कुतूहलाने तिच्याकडे पाहत होते, एखाद्या म्हाताऱ्या बाईला कशाला हवंय तिथे घर, असं.

तिने पत्ता सांगितला. चिटणीस बाईंचं पेन हललं नाही.

हिरवा दिवा लागला.

कायदा, पाणी, उतार, माती, सगळी तयार केलेली भाषणं तिच्या हातातल्या कागदांवर होती. तिने ते कागद खाली टाकले. काय करायचं हे तिला लख्ख कळलं होतं, कारण ते करायला शिकवलं तिनेच. चार कोपऱ्यांनी काही होत नाही. सगळं दाखवावं लागतं.

"पुढचं दार," इदालिना म्हणाली. तिचा आवाज रागाने घोगरा झाला होता, आणि तो राग तिने सोडला नाही. "बाहेरून निळं, आतून हिरवं. खालचा कोपरा पिमेंताने पिल्लू असताना कुरतडलाय. दारामागे खुंटी, खुंटीवर माझ्या नवऱ्याचा कोट, तो जाऊन सहा वर्षं झाली तरी. डाव्या हाताला स्वयंपाकघर. ओट्याचा तिसरा खण अडकतो, तो आधी उचलायचा, मग ओढायचा. शेगडीच्या वर भिंत काळी झालीय, मी दर ईस्टरला रंगवते आणि ती दर ईस्टरला काळी होते. खिडकीच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या रेघा आहेत, आजोबांनी चाकूने कोरलेल्या..."

मागे कुणीतरी अस्वस्थपणे पाय हलवले. बाळ जागं होऊन रडायला लागलं. पडद्यावरच्या चित्रात ओसरीच्या काठ्यांमागे काहीतरी निळं होतं. मघाशी होतं की नाही, ते तिला सांगता आलं नसतं. चिटणीस बाईंनी पेन कागदावर टेकवलं होतं.

"टीचर," क्रेग म्हणाला. "पिवळा लागलाय."

"न्हाणीघर. नळ गळतो. गळतो म्हणजे गळतोच, कुणाच्या बापाची भीती नाही त्याला. भिंतीला ओल आलीय, बेटाच्या नकाशासारखी. फरशी दारापाशी फुटलीय, ती मी फोडली, कुदळ पडली माझ्या हातून. पुढे माजघर. सोफ्याची एक स्प्रिंग..."

लाल दिवा लागला. घंटी वाजली. ॲलिसन प्रॅट उठून उभी राहिली होती. तिच्या मागची सगळी माणसं एकेक करून उठत होती. क्रेगने हातोडी आपटली आणि एकेकाळी शाळेत उत्तर येत नसलं की व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला.

वरचा मजला अजून पुरा बाकी होता. इदालिनाने माइकची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि जिन्याची पहिली पायरी सांगायला घेतली.